मोठे व्हॉल्व्ह बसवायचेत? हेड मशीनवर चढवण्याआधी मापांचा कागद तयार करा

बाइकच्या सिलिंडर हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, मोठा इनलेट व्हॉल्व्ह (हवा आत सोडणारी झडप) बसवायचं काम मी पुण्यात दोनदा करून घेतलं. पहिलं हेड चारशे किलोमीटरमध्ये गेलं, सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कडीवर टेकतो ती, निसटली. दुसरं आजही धावतंय. दोन्ही वेळा मशीन चांगलं होतं आणि कारागीरही हुशार होते. दुसऱ्या वेळी मी प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये लिहून, तो कागद हेडसोबत दिला होता. फरक तेवढाच.

हे काम पहिल्यांदा करून घेणाऱ्याला नेमकं काय विचारायचं, काय मोजायचं आणि कुठे थांबायचं ते कुणी एका जागी सांगत नाही. म्हणून हा लेख. माझं उदाहरण दोन व्हॉल्व्हच्या, एअरकूल्ड, ॲल्युमिनियम हेडच्या बाइकचं आहे. चार व्हॉल्व्हच्या हेडला किंवा कारच्या हेडला मापं बदलतील, कामाचा क्रम मात्र हाच राहील.

१. खरंच गरज आहे का, ते आधी कागदावर काढा

माझ्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७ मिमी, विस्थापन १४४ सीसी, इनलेट व्हॉल्व्ह २८ मिमी आणि एक्झॉस्ट २४ मिमी. इनलेट ३० चा करायचं ठरवलं. २८ चा ३० झाला की व्हॉल्व्हच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण १५ टक्के वाढतं. हा आकडा ऐकून माणूस हुरळतो. पण हवा आत जाते ती उघडलेल्या व्हॉल्व्हच्या कडेभोवतीच्या फटीतून, आणि त्या फटीचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जितका उघडतो ते अंतर. परीघ वाढतो फक्त ७ टक्के. लिफ्ट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पावपट होईपर्यंत ही फटच हवेला अडवत असते. २८ च्या व्हॉल्व्हला पावपट म्हणजे ७ मिमी, आणि माझ्या कॅमची लिफ्ट त्याहून कमी. म्हणजे हातात येणारा फायदा ७ टक्क्यांच्या आसपासचा, तोही व्हॉल्व्हची कड सिलिंडरच्या भिंतीला फार जवळ गेली नाही तर. कड भिंतीजवळ गेली की त्या बाजूने हवा फारशी जात नाही आणि वाढवलेला व्यास वाया जातो.

दोन व्हॉल्व्हच्या हेडला इनलेटचा व्यास बोअरच्या ५२ ते ५३ टक्क्यांपर्यंत नेणं शहाणपणाचं. ५७ च्या बोअरला हे ३० च्या आसपास येतं. एक्झॉस्ट इनलेटच्या ८० ते ८५ टक्के असला की पुरतो, म्हणून माझा २४ चा तसाच ठेवला.

गाडी रोज स्वारगेट ते हिंजवडी चालवायची असेल तर हे काम करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. मोठ्या व्हॉल्व्हमागे पोर्टही, म्हणजे हेडमधली हवेची वाटही, मोठं होतं, खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि सिग्नलवरून उचलताना गाडी आधीपेक्षा मंद वाटते. फायदा दिसतो तो वरच्या आरपीएमला, ट्रॅकवर. आधी मूळ व्हॉल्व्हवरच नीट तीन कोनांचं सीट कटिंग आणि पोर्टमधल्या ओतकामाच्या कडा साफ करून बघा. पुष्कळांची भूक तेवढ्यावर भागते.

२. हत्यारं आणि कागदपत्रं

व्हर्नियरवर हे काम होत नाही. व्हॉल्व्हच्या दांड्याला, म्हणजे स्टेमला, ०–२५ चा मायक्रोमीटर लागतो. सीटच्या बाहेरच्या व्यासाला २५–५० चा लागतो. गाइड, म्हणजे स्टेम ज्या नळीत सरकतो ती, आतून मोजायला स्मॉल होल गेज आणि रनआउट, म्हणजे सीट गाइडच्या मध्यापासून किती सरकली आहे, ते बघायला डायल व मॅग्नेटिक स्टँड. शिवाय फिलर गेज, लोहचुंबक, प्रशियन ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग), लहान मुलांची खेळायची माती, ५० मिलिलिटरची ब्युरेट आणि मधे भोक पाडलेला ॲक्रिलिकचा जाड तुकडा. ब्युरेट प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. बाकीचं बहुतेक रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत होतं. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चांगल्या कंपनीचे मायक्रोमीटर स्वस्तात दिसतात. घ्या, पण आधी माहीत असलेल्या मापाच्या पिनवर लावून बघा. पडलेला मायक्रोमीटर बाहेरून देखणाच दिसतो.

कागदपत्रांत सर्व्हिस मॅन्युअलची हेडची पानं सगळ्यात महत्त्वाची: स्टेम-गाइड क्लिअरन्स, स्प्रिंगची उंची, टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि स्टेमच्या टोकातली फट), हेड बोल्टचा टॉर्क. त्याशिवाय आरसी, विमा पॉलिसी, व्हॉल्व्ह आणि सीटच्या खरेदीची बिलं, आणि तुमचा स्वतःचा मापांचा कागद. स्पर्धेत उतरणार असाल तर त्या वर्गाची नियमावली आधी वाचा. काही वर्गांत व्हॉल्व्हचा व्यास मूळचाच ठेवावा लागतो, आणि हे हेड कापून झाल्यावर कळलं तर उपाय नसतो.

३. हेड धुऊन तपासा

काजळी काढा, रॉकेलने धुवा, वाळवा. मग डाय पेनिट्रंट मारा: लाल रंग, पुसणं, वर पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. बघायची जागा म्हणजे दोन सीटच्या मधला अरुंद पूल आणि तिथून स्पार्क प्लगच्या भोकाकडे जाणारी पट्टी. तिथे रेघ दिसली तर ते हेड मोठ्या व्हॉल्व्हसाठी बाद. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, पण वेल्डच्या आसपास ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि अशा धातूत सीट धरून राहील याची खात्री मी देणार नाही.

हेडचा चेहरा, म्हणजे सिलिंडरवर टेकणारी सपाट बाजू, सरळपट्टी आणि फिलर गेजने बघा. ०.०५ चं पान शिरत असेल तर फेसिंग, म्हणजे तो मशीनवर सपाट करणं, लागणार, आणि ते सीटचं काम झाल्यावर सगळ्यात शेवटी.

४. व्हॉल्व्ह निवडणं

मोठा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा दुसऱ्या इंजिनाचाच असतो. नाना पेठेत क्वार्टर गेटच्या बाजूला दुचाकीच्या स्पेअरची दुकानं आहेत तिथे जाताना तुमचा जुना व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि तिला स्टेमवर धरणारे कॉलेट सोबत न्या. पाच गोष्टी जुळवायच्या: तोंडाचा व्यास, स्टेमची जाडी, एकूण लांबी, कॉलेटच्या खाचेची जागा आणि खाचेपासून टोकापर्यंतचं अंतर. पहिल्या तीन सगळे बघतात. शेवटच्या दोन चुकल्या की रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा हात, रिटेनरवर टेकतो किंवा स्प्रिंगची उंची बिघडते.

तिथेच काउंटरवर लोहचुंबक लावून बघा. इनलेट व्हॉल्व्ह बहुतेक ईएन ५२ पोलादाचा असतो, त्याला चुंबक धरतं. एक्झॉस्टला २१-४एन वापरतात, त्याला चुंबक धरत नाही. पुष्कळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन तुकडे जोडून केलेले असतात, त्यामुळे तोंडाला चुंबक लागत नाही आणि दांड्याच्या टोकाला लागतं. तोंडालाही कडकडीत चिकटला तर तो एक्झॉस्टला वापरू नका, इनलेटचा पोलाद तिथली उष्णता सोसत नाही. माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाच्या हातात एक्झॉस्ट म्हणून इनलेटचाच व्हॉल्व्ह आला होता. रंग, पॉलिश, डबी, सगळं तंतोतंत. चुंबकाने एका सेकंदात सांगितलं.

नवा आणि जुना व्हॉल्व्ह सोनाराच्या काट्यावर तोला. माझा ३ ग्रॅमने जड निघाला. जड व्हॉल्व्हला मूळ स्प्रिंग वरच्या आरपीएमला वेळेवर बंद करू शकत नाही, तेव्हा स्प्रिंगचा विचार आत्ताच करा.

५. वर्कशॉप आणि मापांचा कागद

भोसरी एमआयडीसीच्या जे, एस, टी ब्लॉकमध्ये हेडचं काम करणारे जॉब वर्कवाले सापडतात. शहरातही जुने इंजिन रिबोरिंगवाले आहेत. बहुतेकांचं रोजचं काम ट्रॅक्टर, टेम्पो आणि कारच्या हेडचं. दुचाकीचं छोटं हेड धरायला फिक्स्चर आहे का आणि तुमच्या स्टेमच्या जाडीचा पायलट, म्हणजे सीट कापताना गाइडमध्ये घालायची पिन, आहे का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. ५ किंवा ५.५ मिमीचा पायलट नसेल तर हेड घेऊन जाण्यात अर्थ नाही. "बघू, बसवून देऊ" हे उत्तर आलं की पुढचं दुकान.

गुरुवारी भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते, तो दिवस टाळा. दसऱ्याला मशीनची पूजा असते, तेव्हा कामाला हात लागत नाही. दिवाळीनंतर कारागीर गावाहून परतेपर्यंत आठवडा जातो. तारीख ठरवताना हे धरूनच चाला. घाईत लावलेलं हेड कुणाच्याच हिताचं नसतं.

आता कागद. मी एका ए४ पानावर हेडचं साधं चित्र काढून पुढची मापं लिहिली: गाइडचा बाहेरचा व्यास आणि तो बाहेर किती राहायचा ती उंची, गाइड बसवल्यावरचं आतलं माप, जुनी सीट काढल्यावर करायच्या खड्ड्याचा, म्हणजे पॉकेटचा, व्यास आणि खोली, सीटचा बाहेरचा व्यास, इंटरफिअरन्स (पॉकेट सीटपेक्षा किती लहान) किती मिमी, सीटचे तीन कोन आणि मधल्या पट्टीची रुंदी, गळ्याचा व्यास, स्टेमच्या टोकाची मूळ उंची. खाली सही, तारीख आणि एक ओळ: "जुने सर्व पार्ट परत हवेत."

हा कागद कारागिराला कमीपणाचा वाटेल अशी मला भीती होती. झालं उलटंच. भोसरीतल्या त्या ज्येष्ठ मिस्त्रींनी चष्मा लावून पान पूर्ण वाचलं, पॉकेटच्या खोलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दादा, इथं अर्धा मिमी कमी घेऊ, खाली भिंत पातळ होईल." त्यांचं बरोबर होतं. मी माप तिथेच बदललं आणि बाजूला त्यांनी सही केली.

६. गाइड आधी, सीट नंतर

सगळ्या कामाचा कणा म्हणजे गाइड. सीट कापणारं हत्यार ज्या पायलटवर फिरतं तो पायलट गाइडमध्ये बसतो. गाइड झिजलेला असेल तर पायलट डुलतो, आणि डुलत्या पायलटवर कापलेली सीट गाइडच्या मध्यावर येत नाही. मग व्हॉल्व्ह एका बाजूला टेकतो आणि दुसऱ्या बाजूने गळतो. म्हणून आधी गाइड बदला, रिमर मारून मापात आणा, आणि मगच सीटला हात लावा. गाइड नंतर बदलला तर आधीची सीट वायाच समजा.

लहान स्टेमला इनलेटचं क्लिअरन्स साधारण ०.०१ ते ०.०४ मिमी असतं, एक्झॉस्टचं ०.०३ ते ०.०६. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याला जास्त जागा. पण अंतिम आकडा तुमच्या मॅन्युअलचाच घ्या. स्टेम तीन ठिकाणी मोजा, गाइडही तीन ठिकाणी. रिमर मारताना घाई झाली की गाइड तोंडाशी मोठा आणि मधे लहान होतो, आणि एकाच ठिकाणी मोजलं तर ते कळत नाही.

७. सीट बसवणं: इथेच माझं पहिलं हेड गेलं

आधी पैसे वाचवणारी गोष्ट सांगतो. तुमच्या मूळ सीटचा बाहेरचा व्यास नव्या व्हॉल्व्हपेक्षा किमान २ मिमीने मोठा असेल तर सीट बदलू नका, तीच मोठी कापून घ्या. काम निम्म्यावर येतं. माझी मूळ सीट ३०.५ ची होती आणि व्हॉल्व्ह ३० चा. त्यामुळे ३३ मिमीची नवी सीट घालावीच लागली.

सीट हेडमध्ये धरून राहते ती फक्त घट्टपणावर. पॉकेट सीटपेक्षा थोडं लहान कापायचं, हेड तापवून फुगवायचं, सीट आत सोडायची आणि थंड झालं की ॲल्युमिनियम तिला आवळून धरतं. या "थोडं लहान"ला इंटरफिअरन्स म्हणतात. ३३ च्या सीटला ॲल्युमिनियम हेडमध्ये ०.१० ते ०.१२ मिमी लागतो. इंग्रजी मॅन्युअलमध्ये हाच आकडा इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे थाऊमध्ये दिलेला असतो: चार-पाच थाऊ. मी पहिल्या वेळी तोंडी सांगितलं, "पाच ठेवा." माझे पाच थाऊ होते, म्हणजे ०.१२७ मिमी. मशीनवरचा मुलगा मिलिमीटरमध्ये शिकलेला, त्याच्या लेखी पाच म्हणजे पाच शतांश, ०.०५ मिमी. त्याने सांगितलं ते इमानदारीने केलं. सीट बसली, व्हॉल्व्ह टेकला, गळती शून्य. गाडी चारशे किलोमीटर छान पळाली.

एका दुपारी बोपदेव घाट चढताना आधी खट-खट असा आवाज आला, मग पॉवर एकदम गेली आणि किक हलकी झाली, म्हणजे कॉम्प्रेशन संपलं. हेड उघडलं तर सीट तिरकी होऊन व्हॉल्व्हला मिठी मारून बसली होती आणि पॉकेटच्या भिंतीला चमकदार ओरखडे पडले होते. ते ओरखडे बघून कळलं की सीट बरेच दिवस आत फिरत होती.

कारण साध्या गणितात सापडतं. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मिमीमागे ०.००००२३ मिमी फुगतं, सीटचं लोखंड साधारण ०.००००११. चालू इंजिनात तो भाग १५० अंशांनी तापला की ३३ मिमीच्या व्यासावर दोघांच्या फुगण्यातला फरक जवळपास ०.०६ मिमी होतो. माझा घट्टपणाच ०.०५ होता. म्हणजे गरम इंजिनात सीटला धरणारं काहीच उरलं नव्हतं. ०.१० ठेवला असता तर गरम असतानाही ०.०४ शिल्लक राहिला असता. म्हणून सांगतो, "पाच", "दहा" असे नुसते आकडे बोलू नका. मिलिमीटरमध्ये लिहा, दशांश चिन्हासकट.

आता तापवण्याचं. १८० अंशांना तापवलेल्या हेडमधलं ३३ चं पॉकेट सुमारे ०.१२ मिमी मोठं होतं. सीट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की ती दीड शतांशाने आकसते. दोन्ही मिळून ०.१० चा घट्टपणा सुटतो आणि सीट हाताने सरकते, ठोकावी लागत नाही. ठोकून बसवलेली सीट पॉकेटची भिंत खरवडते, ते टाळा. गॅस टॉर्चने एका जागी तापवू नका, हेड सगळीकडून सारखं तापलं पाहिजे. त्यासाठी ओव्हनच हवा, आणि तो स्वयंपाकाचा नसावा. २०० च्या वर नेऊ नका, हेडच्या मिश्रधातूचा कडकपणा उतरू लागतो.

तापमान बघायला बरेच जण इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतात. चकाकत्या ॲल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो, आणि माणूस आणखी तापवत राहतो. हेडवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका मारा आणि त्यावर नेम धरा.

सीट तळाला पूर्ण टेकली पाहिजे. हेड थंड होईपर्यंत तिच्यावर जुन्या व्हॉल्व्हच्या किंवा मँड्रेलच्या, म्हणजे मापाच्या दांड्याच्या, आधाराने वजन ठेवा. दोन सीटमधला पूल कमीत कमी किती उरतो तेही कागदावर आधीच काढा. मी अडीच मिमीच्या खाली जात नाही.

ओतीव लोखंडाच्या जुन्या हेडची गोष्ट वेगळी. तिथे सीट आणि हेड जवळपास सारखंच फुगतात, म्हणून इंटरफिअरन्स कमी पुरतो. काही हेडमध्ये तर सीट थेट हेडच्याच धातूत कापलेली असते.

८. तीन कोन आणि गळा

व्हॉल्व्ह टेकतो ती पट्टी ४५ अंशांची. तिच्या वर, ज्वलन कक्षाकडे, ३० चा काप आणि खाली, पोर्टकडे, ६० चा. वरच्या आणि खालच्या कापांनी मधली पट्टी हवी तिथे सरकवता येते आणि अरुंद करता येते. मी इनलेटला १.१ मिमी ठेवली, एक्झॉस्टला १.४. एक्झॉस्ट आपली उष्णता याच पट्टीतून हेडला देतो, ती फार अरुंद केली तर व्हॉल्व्ह जळतो. पट्टीची बाहेरची कड व्हॉल्व्हच्या काठापासून अर्धा मिमी आत हवी.

गळा म्हणजे सीटच्या खालचा सगळ्यात अरुंद भाग. तो व्हॉल्व्हच्या ८५ ते ९० टक्के असावा. माझा ३० ला २६.४ आहे. नवी सीट पोर्टपेक्षा आत डोकावत असते, तिथे एक पायरी राहते. ती हाताने, फिरत्या बरने (दातेरी टोकाच्या हत्याराने), सीटपासून पोर्टकडे मिसळून घ्यावी लागते. मोठा व्हॉल्व्ह बसवून पायरी तशीच ठेवलेली हेडं मी पाहिली आहेत. हवेच्या वाटेत भिंत ठेवून दार मोठं केल्यासारखं ते होतं. बर सीटच्या ४५ च्या पट्टीला लागू देऊ नका. लागला तर पुन्हा कटिंग, आणि दर कटिंगला व्हॉल्व्ह थोडा खोल जातो.

९. हेड हातात आल्यावर, पैसे देण्याआधी

डायल लावून सीटचा रनआउट बघा. ०.०३ च्या आत हवा. व्हॉल्व्हच्या पट्टीवर ब्लूचा पातळ थर लावा, व्हॉल्व्ह टेकवून जरासाच फिरवा. सीटवर पूर्ण, अखंड, सारख्या रुंदीची निळी कडी उमटली पाहिजे. तुटक उमटली तर "पेस्टने घासून काढू" असं म्हणतील. घासण्याने बारीक खरखर जाते, तिरकी सीट सरळ होत नाही. कापणं चुकलं असेल तर ते पुन्हा कापूनच सुधारतं.

मग प्लग लावून, व्हॉल्व्ह स्प्रिंगसह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि पाच मिनिटं थांबा. आत ओल दिसता कामा नये.

स्टेमच्या टोकाची उंची मूळ मापाशी ताडून बघा. सीट जितकी खोल तितकं टोक वर येतं, रॉकरचा कोन बिघडतो आणि स्प्रिंग ढिली पडते. स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालून तिची उंची मॅन्युअलच्या आकड्यावर आणा, आणि पूर्ण लिफ्टला वेटोळ्यांत मिळून किमान १ मिमी जागा उरते का ते बघा.

शेवटचं माप कक्षाच्या घनफळाचं. कक्षावर ग्रीसने ॲक्रिलिक चिकटवा, ब्युरेटमधून रंगीत रॉकेल सोडा, बुडबुडा जाईपर्यंत. माझ्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ९.५ होता, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी एकूण जागा १६.९ सीसी. नव्या कामानंतर ती ०.८ सीसीने वाढली आणि रेशो ९.१ वर आला. मोठ्या व्हॉल्व्हने मिळवलेलं इथे निसटून जातं. ते परत मिळवायला हेडचा चेहरा थोडा घ्यावा लागला. पण चेहरा घेतला की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून पुढची पायरी कधीच टाळू नका.

१०. मातीची परीक्षा

पिस्टनच्या डोक्यावर खेळायच्या मातीचा पातळ थर दाबा, वर तेलाचं बोट फिरवा. हेड गास्केटसह बसवा, टॉर्क द्या, कॅम टायमिंग लावा, टॅपेट मापात करा. इंजिन पान्याने, हाताने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. हेड काढा आणि मातीत उमटलेला व्हॉल्व्हचा ठसा ब्लेडने कापून मोजा. इनलेटला १.५ मिमी आणि एक्झॉस्टला २ मिमीपेक्षा कमी उरत असेल तर पिस्टनच्या डोक्यातला व्हॉल्व्हसाठीचा कट खोल करावा लागेल. ठशाच्या बाजूलाही बघा. व्यास वाढल्यामुळे व्हॉल्व्हची कड पिस्टनमधल्या कटाच्या काठाला घासू शकते, तिथे सगळीकडून १ मिमी तरी मोकळं हवं. ही बाजूची जागा मोजायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात त्या क्षणी ते एकमेकांना लागत नाहीत ना, हेही हलक्या स्प्रिंगा लावून, हेड टेबलावर असतानाच बघून घ्या.

११. सुरू केल्यावर

हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा स्क्रू) एक-एक पायरी मोठा करत प्लगचा रंग बघा. २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीला ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, मॅपिंग लागेल, त्याशिवाय हे काम सुरूच करू नका. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण ५ टक्के विरळ. पुण्यात बेताबेताने लावलेला जेट घेऊन चेन्नईच्या ट्रॅकवर गेलात तर तिथल्या दाट हवेत मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापतो. तिकडे जाताना एक मोठा जेट खिशात ठेवा.

रस्त्यावर चालवण्याबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला कलम १८२अ खाली ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हेडच्या कामाबद्दल आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेम नाकारायला कारण होतो. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी गेली असं धरा. माझी दुसरी गाडी फक्त ट्रॅकवर जाते, टेम्पोत घालून.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर टॅपेट बघा आणि ५०० नंतर पुन्हा. नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडा बसतोच, त्यामुळे पहिल्या वेळी क्लिअरन्स दोन-तीन शतांशांनी कमी झालेलं दिसेल. दुसऱ्या वेळीही तितकंच कमी होत असेल तर सीट किंवा व्हॉल्व्ह झिजत आहे, हेड उघडा. दोन्ही वेळचे आकडे आणि कॉम्प्रेशन गेजचं माप त्याच ए४ पानाच्या मागच्या बाजूला, तारखेसह लिहा. माझं पान टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे.